पात्रतेच्या हिशेबाबाहेर : पंडिता रमाबाई आणि क्षमेतले स्वातंत्र्य



पंडिता रमाबाईंविषयी मराठीत दोन तऱ्हांनी बोलले जाते. स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणारे त्यांना मानाचे पान देतात आणि त्यांच्या ख्रिस्ती होण्याचा विषय आला की दोन ओळींत आटोपते घेतात. ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांच्या श्रद्धेचा गौरव होतो, पण त्याच बाईंनी चर्चच्या अधिकाऱ्यांना जे खडे बोल सुनावले त्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही. दोघांच्याही सोयीचे असे हे अर्धे अर्धे चित्र आहे. आजच्या व्याख्यानात मला हे दोन अर्धे भाग जोडून पाहायचे आहेत, कारण रमाबाईंना जे आध्यात्मिक स्वातंत्र्य लाभले ते या जोडाच्या जागीच सापडते असे माझे मत आहे. ते स्वातंत्र्य ख्रिस्ती श्रद्धेतल्या क्षमेच्या कल्पनेतून आले. देवापुढे आपली लायकी सिद्ध करत राहण्याचा जो जन्मभराचा जाच असतो, त्यातून माणसाला सोडवणारी क्षमा ती हीच. असे स्वातंत्र्य खरोखर मिळाले की नाही, हे कोणाच्या अंतरंगात शिरून ठरवता येत नाही. त्या माणसाच्या वागण्यात काय बदलले ते मात्र तपासता येते. रमाबाईंच्या बाबतीत हा तपास करण्याइतका कागद सुदैवाने शिल्लक आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला. बायकांना देववाणी शिकवणारा हा शास्त्री त्या काळात एकटा पडला. पुढे हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणे सांगत हिंडले. जवळ होते ते दानधर्मात आणि ब्राह्मणभोजनात गेले, व्रते झाली, उपासतापास झाले, आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हे दोघे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या आणि वीस वर्षांची ही मुलगी देशभर गाजली. या गाजावाजात एक गोष्ट मागे पडते. ज्या पंडितेचा सत्कार होत होता, तीच तेव्हा धर्मशास्त्रे बारकाईने वाचत होती. पुष्कळ वर्षांनी, १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी या वाचनाचा निष्कर्ष नोंदवला आहे. ग्रंथ एकमेकांशी अनेक बाबतींत भांडतात, परंतु स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी त्यांचे मत एक आहे, असा तो निष्कर्ष. स्त्रीने पतीला देव मानावे, पुण्य साठवावे आणि कधीतरी उच्च वर्णाच्या पुरुषाचा जन्म मिळाला तर मोक्षाच्या वाटेला लागावे. म्हणजे सुटकेची शक्यता होती, पण ती पात्रतेच्या शिडीवरून, आणि त्या शिडीची खालची पायरीसुद्धा या जन्मात हाताला लागणारी नव्हती. ज्या घराने व्रतवैकल्यांत काहीही कमी केले नाही त्या घराची उपासमारीत वाताहत झालेली जिने पाहिली, तिला हा हिशेब पोथीपुरता राहिला नव्हता.

भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले आणि दहा महिन्यांच्या मनोरमेसह रमाबाई विधवा झाल्या. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या ॲंग्लिकन भगिनींनी त्यांना आश्रय दिला. त्या भगिनींचे लंडनमधल्या फुलहॅम भागात एक आश्रमगृह होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे ठेवून घेत. हे घर रमाबाईंनी पाहिले आणि त्या हादरल्या. अशा बायकांना इकडे जी वागणूक मिळे ती त्यांना ठाऊक होती. या घरात त्याच तऱ्हेच्या बायका आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याइतक्या विश्वासाच्या झालेल्या दिसल्या. हे तुम्ही का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय त्यांच्यासमोर ठेवला. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, तिच्या पाच नवऱ्यांची हकिगत माहीत असूनही तिच्याकडे पाणी मागणारा येशू, आणि आराधना कोणत्या डोंगरावर करायची या तिच्या प्रश्नाला त्याने दिलेले, देऊळ आणि डोंगर दोन्ही मागे टाकणारे उत्तर, असा तो प्रसंग आहे. त्यात येशू त्या बाईला आधी शुद्ध होऊन ये असे सांगत नाही. ती जशी आहे तशीच असताना संभाषण सुरू होते, तिचे सगळे आयुष्य उघड होते, आणि तीच आपल्या गावात पहिली सांगणारी ठरते. पात्रता आधी आणि स्वीकार नंतर, हा क्रम इथे उलटला आहे. संस्कृत ग्रंथांच्या त्या अभ्यासक बाईला हा उलटा क्रम नेमका दिसला, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. परक्या देशात, एकाकी अवस्थेत, बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केल्यानंतर हा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ही श्रद्धा म्हणजे खचलेल्या मनाने धरलेला आधार होता, असे म्हणता येईल. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. रमाबाईंनीच पुढे लिहिले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांची बुद्धी पटली होती. ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. देवाची क्षमा कमवावी लागत नाही ही गोष्ट मनात उतरायला त्यांना आणखी सुमारे आठ वर्षे लागली, म्हणजे १८९१ च्या सुमारापर्यंत. तोवर त्या मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढून ते पुण्यालाही आणून बसल्या होत्या. आधाराच्या गरजेपोटी घेतलेली श्रद्धा गरज सरली की सैल पडते. इथे उलटे घडले. यश हाती आल्यावर, अमेरिकेत नाव झाल्यावर, ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे १८८७ चे पुस्तक गाजल्यावर आणि बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिल्यावर या बाईंना वाटते की आपल्याला अजून मुख्य गोष्ट मिळालेली नाही. संकटाच्या मानसशास्त्राने याचे स्पष्टीकरण होत नाही.

मधल्या आठ वर्षांत काय चालले होते याचा पुरावा त्यांच्या पत्रांत आहे. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना शिष्येने नम्रपणे चर्चचे ऐकावे असे वाटे. रमाबाईंना प्रत्येक गोष्टीचा आधार बायबलात पाहिजे असे. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी त्या हरकतीला त्याच तडफेने उत्तर दिले. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी उघड शंका काढल्या. शाकाहार सोडायला नकार दिला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती संस्कृतात का नसावीत, असे विचारले. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. मला ती फार बोलकी वाटते. क्रूस त्यांनी आपला मानला होता. लॅटिन मात्र युरोपचे होते, आणि देवाला त्याची गरज आहे असे त्यांना कोणी पटवू शकले नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान काढून घेतली आहे, आता दुसऱ्यापुढे ती वाकवणार नाही, अशा आशयाचे त्यांचे लिहिणे आहे. ही सगळी पत्रे बाप्तिस्म्यानंतरची आहेत हे ध्यानात ठेवावे.

यावर एखादा चिकित्सक म्हणेल की हा ताठा अनंतशास्त्र्यांच्या घरातून आला, त्याचे श्रेय ख्रिस्ती श्रद्धेला कशाला? हे अगदी बरोबर आहे. स्वतंत्र बुद्धी रमाबाईंजवळ आधीपासून होती, आणि तिला क्षमेचे फळ म्हणणे म्हणजे पुरावा वाकवणे होईल. म्हणून माझा दावा दुसरीकडे आहे. कोणापुढे न वाकणारा माणसाचा कणा आणि ज्याला कसलीही लायकी नाही त्याला जवळ घेणारा हात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रमाबाईंजवळ जन्मापासून होती. दुसरी त्यांच्या आयुष्यात केव्हा आणि कशी आली, हे त्यांच्या संस्थांच्या इतिहासात दिसते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन सुरू झाले. ते उच्चवर्णीय विधवांसाठी होते, आणि तिथल्या मुलींना जातीचे आचार, सोवळेओवळे पाळायची मोकळीक होती. त्या काळात तेवढेही धाडसच होते. पण आत येण्याची एक अट होती आणि ती पात्रतेची होती. आता दहा वर्षे पुढे केडगावला, रमाबाईंच्या मुक्तिसदनात या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आणल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कोणत्या जातीची, कोणत्या गावची, विधवा की कुमारिका, अशी चाळणी उरली नाही. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवू लागली. आणि १८९९ मध्ये ‘कृपासदन’ निघाले, ज्यांना पुण्यातल्या सुधारकांच्या घरातही ओसरीपलीकडे प्रवेश नव्हता अशा बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलेले घर सोळा वर्षांनी केडगावात उभे राहिले. दुष्काळामुळे संस्थेचे स्वरूप बदलले असे कोणी म्हणेल, आणि संख्येपुरते ते खरेही आहे. पण दुष्काळातून कृपासदन निघत नाही. उपाशी पोरीवर दया करायला सगळा समाज तयार असतो. बदनाम बाईला घरात घ्यायला दया पुरत नाही. आपण स्वतः फुकट स्वीकारलेले आहोत ही खात्री ज्याला असते, त्यालाच दुसऱ्याचा दाखला न मागता दार उघडता येते. शारदासदन ते कृपासदन हा प्रवास त्या खात्रीचा पुरावा म्हणून मी पुढे ठेवतो.

क्षमेच्या धर्मावर आणखी एक खोल आरोप होतो. आधी माणसाच्या मनात पापाची जखम करायची आणि मग तिच्यावर लावायला मलम विकायचे, असा तो आरोप. युरोपातल्या संदर्भात त्यात तथ्य असेल. महाराष्ट्रातली बालविधवा मात्र या आरोपाला उलटा जबाब देते. नऊ वर्षांच्या पोरीला, तूच नवऱ्याला खाल्लेस, मागल्या जन्मीचे पाप फेडते आहेस, हे घरातली माणसे सांगत होती. डोक्यावरचे केस, अंगावरचे लुगडे, ताटातले अन्न यांतून तिला ते रोज ऐकवले जात होते. जखम तिथे मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीची होती. ख्रिस्ती क्षमेने या ओझ्याचे दोन भाग पाडले. जे तू केलेच नाहीस ते तुझे पाप नाही. ते लादलेले आहे, खाली टाक. जे खरोखर तुझ्या हातून घडले आहे ते कबूल कर, त्याची क्षमा आहे. असे वेगळे करणे हाच मुक्तीचा पहिला भाग. लादलेल्या अपराधाची खतावणी ज्याच्या हाती असते तो माणसावर सत्ता गाजवतो. ती खतावणी देवाने फाडली असे ज्या बाईला कळले, तिच्यावर सासर, पुरोहित आणि गाव यांची पकड ढिली होते. म्हणून मला ही श्रद्धा समाजाच्या दृष्टीनेही क्रांतिकारक वाटते.

संतांच्या भूमीत याचे काय नवल, असेही विचारले जाईल. चोखामेळ्याला, जनाबाईला विठ्ठलाने लायकी विचारली नाही, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही, आणि ख्रिस्ती मराठी माणसाने तर ते विसरूच नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि ते त्यांनी अभिमानाने सांगितले. कृपेचा अनुभव एका धर्माची मक्तेदारी आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु एक फरक प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. वारीच्या वाटेवर जी समता अनुभवाला येत होती ती गावाच्या वेशीशी थांबत होती, चोखामेळ्याची समाधीसुद्धा देवळाबाहेरच राहिली. आणि विधवेचे केशवपन कीर्तनाने थांबले नाही. रमाबाईंना जी क्षमा सापडली तिने त्यांना एक घर बांधायला लावले, ज्यात पाणी, जेवण, काम आणि शाळा सर्वांना एक होती. भक्तीने जे मनात केले ते इथे स्वयंपाकघरात आणि छापखान्यात उतरले. त्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले सोप्या मराठीतले बायबल तिथेच छापले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये बाहेर पडले.

आता सर्वांत अवघड प्रश्न. १८९३ मध्ये शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले आणि बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंची बाजू अशी की आपण प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करतो, कोणाला बोलावत नाही. मला ही बाजू पुरेशी वाटत नाही. आश्रयदात्रीच्या उघड्या दारातून आत येणारी मुलगी पूर्णपणे मोकळी नसते. तिच्या ताटातले अन्न त्याच हातून आलेले असते. केडगावच्या दुष्काळग्रस्त पोरींना तर हे अधिकच लागू पडते. रानड्यांनी आणि भांडारकरांनी जो आक्षेप घेतला तो धर्मद्वेषातून घेतलेला नव्हता. मुलींच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचा शब्द दिला तसा पाळला जावा ही त्यांची अपेक्षा होती. क्षमा जर विनाअट असेल, तर ती अन्नाच्या आडूनही येता कामा नये, आणि या कसोटीला मिशनच्या इतिहासातल्या पुष्कळ गोष्टी उतरत नाहीत हे ख्रिस्ती माणसाने स्पष्ट म्हणावे. त्याच वेळी दुसरी बाजूही खरी आहे. शारदासदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली, १८९३ मध्येच तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि पुढे कर्व्यांच्या विधवांसाठीच्या कार्यात आनंदीबाई म्हणून ती उभी राहिली. ज्या घरावर बाटवण्याचा आरोप होता, त्याच घरातून कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामाला माणूस मिळाले.

राहिला शेवटचा आक्षेप. क्षमा शिकवली की दुबळ्यांनी मुकाट सोसायचे, असा त्याचा अर्थ होतो, आणि घरात मार खाणाऱ्या बायकांना या शब्दाने पुन्हा मारणाऱ्याकडेच पाठवले गेले आहे. असे घडले आहे, चर्चमध्येही घडले आहे. पण रमाबाईंच्या वागण्यात याला आधार मिळत नाही. रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये झाला तेव्हा रमाबाईंची लेखणी रखमाबाईंच्या बाजूने संतापाने चालली. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या छावणीत बायकांचे जे हाल झाले त्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारविरुद्ध उघड लिहिले, प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नरला आरोप फेटाळायला पुढे यावे लागले. क्षमाशील बाईने तक्रार गिळली नाही. आपल्या काळातले उदाहरण ओडिशाचे आहे. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स यांना दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुलांसह गाडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले आणि त्या कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी बारिपदात थांबल्या. खटला मात्र चालला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमेने न्यायालयाचे काम हिरावून घेतले नाही. न्यायालयाच्या हाती जे नव्हते, म्हणजे उरलेले आयुष्य मारेकऱ्याच्या नावाने बांधून न ठेवणे, ते त्या बाईने स्वतः केले. क्षमा करणारा दुबळा असतो असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण एकदा पूर्ण विचारात घ्यावे.

रमाबाईंच्या अखेरच्या दिवसांविषयी फार बोलण्याची गरज नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. त्यांचे काम संपले नाही. केडगावात निराधार बायकामुलींचे ते घर आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरता येते. आपल्यापैकी जे ख्रिस्ती आहेत त्यांना माझी विनंती आहे की तिथे जाऊन या, आणि परत आल्यावर आपापल्या मंडळीत विचारा : तुरुंगातून सुटलेला माणूस, नवऱ्याला सोडून आलेली बाई, जातीवरून अजूनही मागच्या बाकावर बसवले जाणारे कुटुंब, यांना आपण दाखला मागतो का? आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांना विनंती की रमाबाईंचे चरित्र वाचताना बाप्तिस्म्याचे पान उलटून पुढे जाऊ नका. त्यांनी पुढे जे काही उभे केले, त्याचा पाया त्या पानावर आहे.